काळी सायकल आणि तिची डच मावसबहीण : सायकल उत्पादकांना खुलं पत्र

प्रति,
लुधियानापासून चेन्नईपर्यंतचे समस्त सायकल उत्पादक यांस

विषय : रोज कामावर, बाजारात आणि शाळेत न्यायची सायकल

सप्रेम नमस्कार.

पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात सायकलच्या दुकानात शिरून 'रोज कामावर जायला सायकल दाखवा' म्हटलं, की बहुतेक ठिकाणी दोनच प्रकारचा माल पुढे येतो. पहिली डोंगरी सायकल : जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर आणि अंगभर स्टिकर. तिला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, चेनकव्हर नाही, दिवा नाही, कुलूप नाही. कधी कधी घंटीसुद्धा नसते. दुसरी दुकानाच्या मागच्या अंगाला धूळ खात उभी असलेली काळी सायकल. तिच्यावर यातलं बहुतेक सगळं असतं, पण पावसात ब्रेक लागत नाहीत, चढावर दम निघतो आणि पाच फुटी बाईला तिची दांडी ओलांडता येत नाही.

या दोघींच्या मधली सायकल आपल्या बाजारातून गेली आहे. ती कशी असावी हे आम्ही इथे भागांसह आणि मापांसह लिहीत आहोत. आम्ही रोज सायकल चालवणारी आणि रोज सायकली उघडून बसणारी माणसं आहोत. तुमच्या कारखान्यांबद्दल आम्हाला आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो.

नेदरलँड्समध्ये जिला 'ओमाफीट्स' म्हणजे आजीची सायकल आणि 'ओपाफीट्स' म्हणजे आजोबांची सायकल म्हणतात, ती आपल्या काळ्या सायकलीची सख्खी मावसबहीण. दोघींची आजी एकच : एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये तयार झालेली रोडस्टर, म्हणजे ताठ बसून रोज चालवायची सायकल. डच लोकांनी ती घेतली आणि डीरेनच्या गझेलसारख्या (स्थापना १८९२) कारखान्यांनी ती शंभर वर्षं बनवत ठेवली. आपल्याकडे वरळीला हिंद सायकल, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला १९४९ मध्ये टीआय, सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियानाला १९५६ मध्ये हीरो, अशा कारखान्यांनी तोच नमुना उचलला. २८ x १½ हे टायरचं माप दोन्हीकडे एकच होतं. अंतर पडलं ते पुढे. डच कारखानदारांनी सांगाडा तोच ठेवला आणि त्यावरचा एकेक भाग सुधारत नेला : ब्रेक हबच्या (चाकाच्या मधल्या गोल भागाच्या) आत गेले, गिअर हबच्या आत गेले, डायनामोही हबच्या आत गेला, चेन डब्यात गेली. आपण काळी सायकल पन्नाशीच्या दशकात होती तशी गोठवली आणि शहरी गिऱ्हाइकासाठी तिच्याशी नातं नसलेलं एक खेळणं आणलं. साहिबाबादचा अ‍ॅटलसचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला, तेव्हा बातम्यांमध्ये हळहळ पुष्कळ झाली. काळ्या सायकलीत इतक्या वर्षांत काय सुधारलं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

आधी सांगाड्याबद्दल, कारण बाकीचे भाग नंतर बदलता येतात, सांगाडा येत नाही. ताठ बसणं म्हणजे हँडल उंच करणं, असा एक मोठा गैरसमज आहे. डच सायकलीत सीटची नळी जमिनीशी ६६ ते ६८ अंशांचा कोन करते; आजच्या हायब्रिड सायकलीत तो ७२-७३ असतो. चारपाच अंशांच्या या फरकाने सीट पायडलच्या बरीच मागे जाते. सीट योग्य उंचीवर असूनही सिग्नलला थांबताना पाय सहज टेकतो. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा कोनही तसाच आडवा असतो, त्यामुळे दोन चाकांमधलं अंतर वाढतं, खड्ड्याचा दणका कमी बसतो आणि वळताना चपलेचा अंगठा पुढच्या चाकाला लागत नाही. हँडल मागे वळून जवळजवळ मांडीपर्यंत येतं, मुठी सीटपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर वर असतात, कोपर किंचित वाकलेलं राहतं. मनगटावर वजन येत नाही आणि मान न ताणता मागची रिक्षा दिसते. डोंगरी सायकलीच्या उभ्या सांगाड्यावर नुसता उंच हँडल चढवला, तर हात छातीशी येतात, वळताना गुडघा हँडलला लागतो आणि पुढचं चाक हलकं होऊन सायकल डुलायला लागते. असले 'सिटी' मॉडेल तुमच्यापैकी काहींनी काढले आणि गिऱ्हाइकाने नाकारले; दोष गिऱ्हाइकाचा नव्हता. गंमत अशी, की योग्य कोनाचा सांगाडा तुमच्याकडे आहेच. काळ्या सायकलीची जिग (सांगाडा जुळवायचा साचा) बाहेर काढा.

मापं मात्र बदला. डच पुरुषाची सरासरी उंची १८३ सेंटिमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तिकडे ५७ आणि ६१ सेंटिमीटरच्या फ्रेमी सर्रास चालतात. आपल्याकडे बाईची सरासरी उंची पाच फूट आहे. तुमची काळी सायकल २०, २२ आणि २४ इंची फ्रेममध्ये येते, त्यातली बावीस आणि चोवीस शहरातल्या निम्म्या लोकांना कधीच बसणार नाही. आम्हाला १७, १९ आणि २१ इंच हवेत, आणि पहिली दोन मापं बिनदांडीचीच हवीत. बिनदांडीची सायकल 'लेडीज' म्हणून विकणं बंद करा. कॅरियरवर पोतं किंवा मूल असताना पाय मागून टाकता येत नाही, पुढूनच घालावा लागतो. हे पुरुषांनाही लागू आहे. वरची नळी काढल्यावर सांगाडा पिळतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय जाड भिंतीची खालची नळी आणि मुख्य नळीपासून मागच्या धुरीपर्यंत जाणारी जोडनळी. ओझं घेऊन चालवल्यावर हँडल थरथरत असेल, तर समजावं की नळी पातळ वापरली आहे.

आता ब्रेक. हा भाग लांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त जिवाशी खेळ इथे होतो. काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक रबराचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला दाबतात. रिम स्टीलची, वर क्रोम. कोरडी असताना ठीक. ओली झाली की गुटका पाण्याच्या थरावर नुसता सरकतो आणि पहिले काही फेरे ब्रेक लागतच नाही. जूनमध्ये पुण्याच्या एखाद्या उतारावर हे काय असतं ते चालवणाऱ्यालाच कळतं. डोंगरी सायकलीच्या स्वस्त डिस्कचं दुखणं वेगळं : स्टँडमध्ये दुसरी सायकल अंगावर पडली की चकती वाकते आणि मग दर फेऱ्याला खस्स खस्स. पॅडही लवकर झिजतात आणि तालुक्याच्या गावी त्याच मापाचे मिळत नाहीत.

डच रोजच्या सायकलीला ड्रम किंवा रोलर ब्रेक असतो. सगळं हबच्या आत, पाणी-चिखल बाहेर. शहरी वापराला पुढे ७० मिलिमीटरचा ड्रम पुरतो; मूल किंवा माल नेणाऱ्या सायकलीला ९० मिलिमीटरचा द्यावा. आतून ड्रमला घासणारे बूट (ब्रेक-शू) वर्षानुवर्षं टिकतात, समायोजन केबलच्या टोकाच्या स्क्रूने हातानेच होतं. पण ड्रम लावताना कारखान्यात होणाऱ्या चुका आधीच सांगून ठेवतो. ड्रमचा दाब चिमट्याच्या डाव्या पायावर येतो, कारण ब्रेकची प्लेट एका दांडीने त्या पायाला बांधलेली असते. डोंगरी सायकलीचा हलका चिमटा वापरला तर ब्रेक दाबल्यावर तो पाय मागे वळतो. डाव्या पायाची नळी जाड घ्या आणि दांडीसाठी पत्र्याची क्लिप न देता वेल्ड केलेला कान द्या. ही दांडी चाक काढून परत बसवताना बांधायची राहिली, तर पहिल्याच ब्रेकला प्लेट गरगरते, केबल तुटते आणि माणूस आपटतो. म्हणून त्या जागी लाल रंग लावा आणि खोक्यात मराठीसह स्थानिक भाषांत एक चिठ्ठी टाका. दुसरी चूक ग्रीसची. जोडणी करणारा कामगार छर्ऱ्यांमध्ये सढळ हाताने ग्रीस भरतो, ते बुटांवर उतरतं आणि ब्रेक घसरतो. ग्रीस लागलेले बूट पुसून भागत नाही. सँडपेपर मारावा लागतो किंवा बदलावे लागतात. नवा ड्रम पहिले शंभर-दोनशे किलोमीटर थोडा मवाळ लागतो, बूट ड्रमशी जुळेपर्यंत. हे गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, तर ते तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन दुकानात येणार. रोलर ब्रेक निवडलात, तर त्याला उष्णता सोसणारं खास ग्रीस लागतं. ते सुकलं की ब्रेक किंचाळतो आणि झटका देऊन धरतो. त्या ग्रीसच्या नळ्या विक्रेत्याकडे नसतील, तर रोलर ब्रेक देऊच नका.

नेदरलँड्समधल्या असंख्य सायकलींना मागे पायाने लागणारा ब्रेक असतो. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक धरतं. सपाट देशाला ते झकास आहे, केबल नाही की काही नाही. आपण ते उचलू नये. लांब उतारावर तो एकच हब तापत राहतो आणि आतलं ग्रीस जळतं. कात्रज किंवा चांदणी चौकाच्या उतारावर त्याचा भरवसा नाही. शिवाय चेन उतरली की मागचा ब्रेक गेला. आणि आपल्याकडे सिग्नलला पायडल उलटं फिरवून पाय जागेवर आणायची सवय हाडामासात भिनली आहे. दोन्ही ब्रेक हाताचेच द्या.

गिअरचं गणित सोपं आहे. पुढे ४४ आणि मागे १८ दात असलेल्या काळ्या सायकलीत पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी २० किलोमीटरच्या जवळ. सपाटीवर छान, पण उड्डाणपुलावर वेग १० वर आला की पाय मिनिटाला तीसच फेरे मारतात आणि माणूस उभा राहून ढकलायला लागतो. त्याऐवजी पुढे ३८, मागे १९ दात आणि शिमानो या जपानी कंपनीचा नेक्सस हा तीन गिअरचा हब घ्या. मधल्या गिअरला साडेचार मीटर, पहिल्याला ३.३, तिसऱ्याला ६.१. त्याच ६० फेऱ्यांत अनुक्रमे १६, १२ आणि २२ किलोमीटर वेग मिळतो. मुंबई, नागपूर, सोलापूर, सांगलीला याच्यापेक्षा जास्त गिअरची गरज नाही. पुण्यात बावधन-कोथरूडकडे राहणाऱ्यांना सात किंवा आठ गिअरचा हब पर्याय म्हणून ठेवा. तो महाग आहे, सरसकट नको.

तुमच्या २१ गिअरांपेक्षा हे तीन बरे का? एक, थांबलेल्या सायकलीवर गिअर बदलतो. सिग्नलला जड गिअरमध्ये अडकलेला माणूस हिरवा दिवा लागल्यावर कसा डगमगतो, ते चौकात उभं राहून बघा. दोन, बाहेर लोंबणारं यंत्र नाही. सायकल उजव्या बाजूला पडली की ज्या पट्टीवर ते टांगलेलं असतं ती वाकते, मग गिअर आपोआप उड्या मारतात आणि पार आत वाकली तर स्पोकमध्ये जाऊन चाकाचा चुरा होतो. तीन, चेन सरळ रेषेत चालते, म्हणून अर्धा इंच बाय आठवा इंच ही जाड, स्वस्त, सगळीकडे मिळणारी चेन वापरता येते. समायोजनही अवघड नाही : मूठ दुसऱ्या गिअरवर ठेवायची आणि हबजवळच्या खिडकीतली पिवळी खूण दोन रेघांच्या मध्ये येईपर्यंत केबलचा स्क्रू फिरवायचा. एवढं केलं नाही आणि केबल ढिली राहिली, तर गिअर अर्धवट लागतो, जोर दिल्यावर पाय एकदम रिकामा जातो आणि गुडघा हँडलवर आदळतो. स्टर्मी-आर्चर या मूळच्या इंग्रजी कंपनीच्या जुन्या हबमध्ये ही खोड कुप्रसिद्ध होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये काहीच न लागणारी जागा असे.

आपल्या सायकलींवर गिअरचे हब कुणी चढवत नाही, याची कारणं तुमच्या कारखान्यातच आहेत. इंग्रजी रिवाजाप्रमाणे आपल्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. परदेशी हब बहुधा ३६ भोकांचे. रिम आणि हब जुळतच नाहीत. मागच्या धुरीची जागा आपल्याकडे सुमारे ११० मिलिमीटर, तीन गिअरच्या हबला १२० लागते. पंक्चरवाला लाकडी ठोकळा घालून फ्रेम फाकवतो. स्टील ते सहन करतं, पण चाक तिरकं बसतं. आणि नव्या हायब्रिडमध्ये धुरी बसायची खाच उभी असते, त्यात चाक मागे ओढून चेन ताणायची सोयच राहत नाही. म्हणजे मागणं एवढंच आहे : दोन्ही चाकांना ३६ स्पोक, मागे १२० मिलिमीटर जागा, खाच आडवी. यातल्या कशालाच नवं तंत्रज्ञान लागत नाही.

चेनचा डबा हा डच सायकलीचा सगळ्यात कमी कौतुक झालेला भाग असावा. चेन पूर्ण झाकली की धूळ बसत नाही, तेल धुऊन जात नाही, आणि उघड्या चेनच्या कितीतरी पट ती टिकते. पँटचा पायचा मोज्यात खोचायला नको, सलवारीला काळा पट्टा नाही. आपल्या काळ्या सायकलीतही पूर्वी अख्खं पत्र्याचं चेनकव्हर मिळायचं. ते बंद पडलं त्यालाही कारण होतं. चाक काढायला सगळं उघडावं लागे, स्क्रू गंजून बसत आणि एकदा पोचा आला की क्रँक (पायडलचा दांडा) फेऱ्याफेऱ्याला टकटक वाजवी. डच डबा तुकड्यांत असतो, मागचा तुकडा एका चापाने निघतो, तळाला पाणी वाहून जायला भोक असतं आणि बाजूला तेलासाठी रबरी टोपण. आपल्यासाठी पत्रा नको, जाड प्लॅस्टिक बरं, पण त्याला सांगाड्याशी किमान तीन ठिकाणी बांधा. दोन ठिकाणी बांधलेलं कव्हर वर्षभरात खुळखुळा होतं. काळ्या मातीच्या गावात मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये दोन बोटं जागा ठेवा. कमी ठेवलीत तर चिखल आत घट्ट बसून चाकच अडकतं.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना डच सायकलीवर एक पडदा असतो. तिकडे तो लांब कोटासाठी आहे. आपल्याकडे त्याचं काम जास्त मोठं आहे : साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा, आणि या सगळ्यांच्या आधी कॅरियरवर बसलेल्या लेकराचा पाय. स्पोकमध्ये पाय जाऊन टाच सोलवटलेली मुलं प्रत्येक सरकारी दवाखान्याला माहीत आहेत. स्कूटरला साडीगार्ड असतो, सायकलला का नसावा? धुता येणारी प्लॅस्टिकची जाळी, मडगार्डच्या सळयांना चापांनी अडकवलेली, एवढंच.

कॅरियर १० मिलिमीटरच्या पोकळ पोलादी नळीचा हवा, २५ किलो न डुलता सोसणारा, धुरीला बोल्टने बांधलेला. रुंदी १२ ते १८ सेंटिमीटरच्या मध्ये ठेवलीत, तर ९ ते २२ किलो वजनाच्या मुलांसाठीच्या बहुतेक युरोपी खुर्च्या त्यावर बसतात. स्टँड दोन पायांचा. आणि एक क्षुल्लक वाटणारी वस्तू, जिच्यावाचून हे सगळं फुकट जातं : पुढच्या चिमट्यापासून खालच्या नळीपर्यंत ताणलेली छोटी स्प्रिंग. ती नसेल तर स्टँडवर लावलेल्या सायकलीचं हँडल पिशवीच्या वजनाने फिरतं आणि सायकल मुलासकट आडवी होते.

दिव्यासाठी हबमधला डायनामो द्या, ६ व्होल्ट ३ वॉटचा. टायरला घासणारा बाटलीचा डायनामो पावसात घसरतो, म्हणजे नेमका हवा तेव्हा दिवा जातो. चार्जिंगचे दिवे घरी राहतात नाहीतर चोरीला जातात. ड्रम आणि डायनामो एकाच पुढच्या हबमध्ये असलेलं यंत्र स्टर्मी-आर्चर बनवते. १९०२ मध्ये नॉटिंगहॅमला सुरू झालेली ही कंपनी २००० पासून तैवानच्या मालकीची आहे. मागचा दिवा सायकल थांबल्यावरही काही मिनिटं जळता राहणारा घ्या. वायरी दोन टाका, सांगाड्यालाच अर्थिंग धरून एक वायर वाचवू नका. गंज आणि रंग यांच्यामध्ये जोड तुटतो. पहिला बिघाड नेहमी चिमट्यापाशी होतो, जिथे वायर हँडलबरोबर वळते. तिथे चार बोटं सैल वायर सोडा.

कुलूप सांगाड्यालाच असावं. आपल्या गोल कुलपाची कल्पना चांगली होती, पण सळई इतकी मऊ की मोठ्या पकडीने तुटते. डच कुलपाची सळई ८ ते ९ मिलिमीटर जाड, कडक केलेल्या पोलादाची असते. उघडं असताना किल्ली त्यातच राहते, म्हणून हरवत नाही. त्याच कुलपात साखळीचं टोक खुपसता येतं, खांबाला बांधायला. साखळी नसेल तर चोर सायकल उचलून टेम्पोत टाकतो.

टायरबद्दल आमच्यातही वाद झाला. काहींचं म्हणणं रिमच्या ६२२ मिलिमीटर व्यासाचं, ज्याला ७००-सी म्हणतात ते माप घ्यावं, चांगले टायर त्यातच येतात. शेवटी बहुतेकांचं मत जुन्या मापाकडे गेलं : मोठ्या फ्रेमला २८ x १½, म्हणजे ६३५, आणि लहान फ्रेमला २६ x १⅜, म्हणजे ५९०. ही दोन्ही तालुक्याच्या कुठल्याही दुकानात टांगलेली असतात. फक्त त्यात पंक्चर रोखणारा तीन-चार मिलिमीटरचा रबरी थर घाला आणि बाजूला परावर्तक पट्टी द्या. नेदरलँड्समध्ये चाकांवर परावर्तक असणं कायद्याने सक्तीचं आहे. आणि टायरवर मिलिमीटरचं माप ठळक छापा. '२६ इंच' म्हणून विकली जाणारी ५५९, ५८४ आणि ५९० अशी निदान तीन वेगळी मापं आहेत, एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही, आणि त्यापायी लोकांचे हेलपाटे होतात.

आता गंज. नेदरलँड्समध्ये वर्षाला साधारण ८५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथल्या सायकली बारा महिने उघड्यावर असतात. कोकणात त्याच्या तिप्पट, तोही चार महिन्यांत. फॉस्फेटचा हात, मग पावडर कोटिंग, स्टेनलेस स्पोक, तळाच्या नळीला पाणी जायला भोक. ब्रेक हबमध्ये गेल्यावर रिमवर काही घासत नाही, त्यामुळे दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियम रिम निर्धास्त वापरा, वजनही उतरेल. कॉटर पिनचे क्रँक आता विसरा. ती पिन ढिली झाली की दर फेऱ्याला कटकट वाजते, ठोकून बसवली की महिन्याने परत तेच. त्याऐवजी क्रँकला चौकोनी टोकाची बंद धुरी द्या, ती ६८ मिलिमीटरच्या नळीत बसते, वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. एकूण वजन १८ किलोच्या आत ठेवा. डच आजी २० किलोच्या पुढे जाते, पण तिला बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढायचं नसतं.

हे सगळं महाग पडेल, असं तुम्ही म्हणाल. शॉकअप काढा, स्वस्तातला शॉकअप दोन-अडीच किलोचा असतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात गंजून दगड होतो. डिस्क काढा, २१ गिअर काढा, दोन्ही मुठींवरची यंत्रं काढा. वाचलेल्या पैशांत हब आणि ड्रमचा बराचसा भाग निघतो. डोंगरी सायकल घेतलेला माणूस नंतर मडगार्ड, कॅरियर, स्टँड, कुलूप आणि दिवा वेगळा विकत घेतो, तो हिशोबही एकदा मांडा. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. त्यातला थोडा फायदा या भागांत घाला.

मेकॅनिकांना विसरलात तर मात्र सगळं वाया. चाकाचा आउट काढणारे आणि कोन-कप डोळे मिटून बसवणारे हात आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. हबचा गिअर त्यांनी पाहिलेला नाही, एवढंच. जिल्ह्यागणिक एक दिवसाचं शिबिर, उघडा हब हातात देऊन. केबल, मूठ, बूट, ग्रीस आणि डब्याचा मागचा तुकडा एवढे सुटे भाग दहा वर्षं मिळतील, असं छापील आश्वासन. एक चांगली बातमी : डबा आणि ड्रम असलेलं मागचं चाक काढणं कटकटीचं असतं, म्हणून डच माणूस चाक न काढताच एका बाजूने ट्यूब ओढून ठिगळ लावतो. आपला पंक्चरवाला पिढ्यान्‌पिढ्या तेच करतो आहे. त्याला हे शिकवावं लागणार नाही.

सुरुवात कुठून करायची ते तुम्हीच ठरवा, पण एक वाट सुचवतो. राज्य सरकारं शाळकरी मुलींसाठी सायकली देतात; महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून त्या मिळतात. त्या मुली रोज काही किलोमीटर, दप्तरासह, पावसात, अंधारात चालवतात. त्यांच्यासाठी १७ इंची बिनदांडीची, ५९० चाकांची, ड्रम-डायनामोवाली, बिनगिअरची सायकल आधी काढा. गिअर नसल्याने किंमत आटोक्यात राहील. त्याच सांगाड्याला १२० मिलिमीटर जागा ठेवली, तर शहरी गिऱ्हाइकासाठी तीन गिअरचं चाक नुसतं बदलून चढवता येईल, वेगळी जिग लागणार नाही. पहिल्या शंभर सायकली काढाल तेव्हा त्यातल्या काही आमच्या हाती द्या. एक पावसाळा चालवून, उघडून, कुठे काय गंजलं आणि काय ढिलं झालं ते भागवार लिहून देऊ. त्याचे पैसे नकोत.

आपले,
पुण्यात रोज सायकल चालवणारे आणि दुरुस्त करणारे काही जण

ता. क. : हवा भरायचा व्हॉल्व्ह बदलू नका. मोटारीचा व्हॉल्व्ह आधुनिक दिसतो म्हणून तो घालायचा मोह होईल. डच रोजच्या सायकलींवर आजही बहुधा आपल्यासारखाच जुना व्हॉल्व्ह असतो, फक्त आत रबरी नळीऐवजी छोटी झडप बसवलेली असते. आपली रबरी नळी उन्हाने चिकटते, चिरते आणि पंक्चर नसताना हवा जाते. वर पंपाला जोरही जास्त लागतो. ती झडप त्याच ट्यूबमध्ये, त्याच नटाखाली बसते. एवढा एक भाग तर उद्यापासून घालता येईल.